जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर वाजता करायचाय? आधी प्लग बाजूला ठेवा

माळ्यावरून, गावच्या घरातून किंवा जुन्या बाजारातून सत्तर-ऐंशीच्या दशकातला ॲम्प्लिफायर हाती लागला की पहिला मोह एकच होतो, प्लग लावायचा आणि वाजतोय का बघायचं. तेवढं सोडून बाकी काहीही करा. पंधरा-वीस वर्षं बंद पडलेल्या सेटला थेट २३० व्होल्ट दाखवले की आतला सुकत आलेला कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारा पार्ट) गरम होऊन फुगतो, कुठे शॉर्ट असेल तर चांगले ट्रान्झिस्टर पण त्याच्यासोबत जातात, आणि जे काम शंभर-दोनशे रुपयांच्या पार्टमध्ये झालं असतं त्यासाठी मग ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

मी इथे फक्त ट्रान्झिस्टरवाल्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरबद्दल लिहितोय, साधारण १९७० ते १९९० मधले. आपल्याकडे कॉस्मिक, सोनोडाइन, नोर्ज, फिलिप्स असे सेट अजून सापडतात, शिवाय गल्फमधून कुणी ना कुणी आणलेले जपानी सेट असतातच. पहिला सेट म्हणून वाल्वचा (काचेच्या नळ्यांचा) रेडिओ उघडू नका, कितीही देखणा असला तरी. त्यात साधारण अडीचशे व्होल्ट डीसी फिरत असतं आणि त्यातले काही सेट एसी-डीसी प्रकारचे असतात (आत यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५ अशी यू पासून सुरू होणारी नावं दिसली की समजायचं), त्यांना मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो, लोखंडी चासी (आतला सांगाडा) सरळ मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, एका वायरला जोडलेली असते. दोन पिनचा प्लग उलटा बसला तर अख्ख्या चासीत फेज. ते नंतर, हात बसल्यावर.

स्टिरिओ सेटचं एक सुख आहे आणि नवीन लोकांच्या ते लक्षातच येत नाही. एकाच पेटीत दोन अगदी सारखे ॲम्प्लिफायर असतात, लेफ्ट आणि राइट, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच जागी सारखेच बिघडणं फार क्वचित होतं. सर्किट डायग्राम मिळाला नाही म्हणून अडू नका, चालू असलेला चॅनेल हाच तुमचा डायग्राम. इकडे एखाद्या पायावर १.२ व्होल्ट दिसतात आणि तिकडे त्याच जागी ९ व्होल्ट, झालं, बिघाड त्याच गल्लीत आहे. खाली जे जे मोजायला सांगितलंय ते सगळं दोन्ही बाजूंना मोजा आणि वहीत दोन कॉलम करून लिहा.

विकत घेत असाल तर

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजार, दोन्हीकडे सेट मिळतात, पण विक्रेता "चालू आहे" म्हणाला काय आणि "बंद आहे" म्हणाला काय, तुम्ही तो बंद आहे असंच धरून भाव करा. बघायचं काय तर समोरची पट्टी, नॉब्स, डायलची काच. ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर आजही मिळतात, पण त्या मॉडेलचा ॲल्युमिनियमचा नॉब जगात कुठे मिळत नाही. नाकाने पण तपासा, झाकणाच्या जाळीतून जळक्या वार्निशचा वास आला तर ट्रान्सफॉर्मर गेलेला असू शकतो आणि मग तो सेट सोडून द्या, निदान पहिला म्हणून तरी.

मागची प्लेट नक्की वाचा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा. गल्फमधून आलेल्यांना बऱ्याचदा मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, तो ११०-१२० वर राहिलेला असला आणि तुम्ही इथे प्लग लावला की काम संपलं. तो २२० किंवा २४० वर करून घ्या, सिलेक्टर नसेल तर चांगल्या वॅटचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

सामान

डायोड मोड असलेला डिजिटल मल्टिमीटर, २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न (सोल्ड्रॉन वगैरे, फॅन्सी स्टेशनची गरज नाही), ६०-४० सोल्डर, राळ, डीसोल्डर पंप, दोन-तीन चांगले स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे, जुना रंगाचा ब्रश. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली, एका फेरीत सगळं होतं. पुढेमागे कंडेन्सर मोजणारा छोटा कॉम्पोनेंट टेस्टर घेतलात तर पैसे वाया जात नाहीत, पण सुरुवातीला नसला तरी चालतं.

आणि सिरीज बोर्ड. हा नसेल तर पुढे वाचू नका, आधी तो बनवा. लाकडी पाटावर एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट, फेजची वायर बल्बमधून जाऊन मग सॉकेटला, न्यूट्रल सरळ, अर्थ सरळ. वायरमन लोकांकडे हा असतोच, जमत नसेल तर त्यांच्याकडून करून घ्या. बल्ब जुना तारेचाच पाहिजे, ६० आणि १०० वॉटचे दोन्ही ठेवा, एलईडी किंवा सीएफएल इथे बिनकामाचे. गंमत अशी की १०० वॉटच्या बल्बची तार थंड असताना साधारण ४० ओहमच्या आसपास असते आणि पूर्ण पेटली की ५०० च्या वर जाते, म्हणजे सेट नीट असेल, करंट कमी ओढत असेल तर बल्ब जवळपास आडवा येतच नाही, आणि आत शॉर्ट असेल तर सगळे व्होल्ट बल्ब स्वतःवर घेतो आणि लख्ख पेटतो. सेट जळायच्या ऐवजी खोलीत उजेड पडतो.

उघडल्यावर

प्लग काढलेला आहे ना हे बघा आणि मग परत एकदा बघा. झाकण काढलं की सगळ्यात आधी मोबाईलने भरपूर फोटो, चारी बाजूंनी, वायरींचे रंग दिसतील असे, कारण रात्री साडेअकराला निळी वायर कुठून सुटली हे कुणाला आठवत नसतं.

मोठे फिल्टर कंडेन्सर (सप्लायचं डीसी सपाट करणारे) डिस्चार्ज करायचे. हा सेट अलीकडे कुणी चालवून बघितलाय का तुम्हाला माहीत नसतं, त्यामुळे ही पायरी गाळू नका. १०० ओहम १० वॉटचा रेझिस्टन्स, त्याला दोन्ही बाजूंनी क्रोकोडाइल क्लिप, कंडेन्सरच्या दोन टोकांना लावून पाच-दहा सेकंद ठेवा आणि मग मीटरने शून्य झालंय का बघा. स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची सवय जुन्या मेकॅनिक लोकांना असते, त्यांना असू दे.

आता फक्त बघायचं, हात लावायचा नाही. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा चांदीचा कागद गुंडाळला असेल तर समजा की आधी कुणीतरी फ्यूज परत परत उडतोय म्हणून वैतागून हे केलंय आणि खरा बिघाड अजून आत बसलाय. फुगलेले कंडेन्सर, बुडाशी तपकिरी चिकट डाग (काही कंपन्या मोठे कंडेन्सर डिंकाने चिकटवायच्या, तो डिंक म्हणजे लीकेज नव्हे, पण तोही वर्षांनी काळा पडून तांबं खातो, नंतर खरवडून काढा), काळे पडलेले रेझिस्टन्स, उंदराने कुरतडलेल्या वायरी. उंदराची घाण असेल तर मास्क घाला. त्याच्या मूत्राने पीसीबीवरचं तांबं हिरवं पडतं आणि ट्रॅक मधेच तुटतो, तो डोळ्यांना दिसतच नाही, मीटरच्या बीपनेच कळतो. कोकणातले आणि गोव्यातले सेट असतील तर खारी हवा स्क्रू आणि स्विचच्या पट्ट्या खाऊन टाकते, तिथे जास्त वेळ लागेल हे धरून चला.

आधीच्या दुरुस्तीच्या खुणा पण शोधा. एका चॅनेलला वेगळ्याच कंपनीचे ट्रान्झिस्टर, सोल्डरचे मोठे गोळे, टेप मारलेले जोड, अशा जागा आधी तपासायच्या.

साफसफाई

धूळ ब्रशने आणि ब्लोअरने, घराबाहेर. बोर्ड आयसोप्रोपिलने. नॉब्स काढून कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास, मऊ टूथब्रशने घासले की नवे दिसतात.

डायलची काच मात्र जपा!! समोरून काय पाहिजे ते करा पण मागच्या बाजूला आकडे आणि स्टेशनची नावं छापलेली असतात आणि ती अल्कोहोलने, काच पुसायच्या निळ्या स्प्रेने, कधी कधी नुसत्या ओल्या फडक्याने पण निघून येतात. मागून फक्त कोरडा मऊ ब्रश, बस. अक्षरं एकदा गेली की गेली.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते ती बहुतेक वेळा घाणीची. पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टन्सच्या) पायांजवळ जी फट असते तिथून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. सिलेक्टर स्विच, टेप मॉनिटरचं (टेप डेकचा आवाज ऐकायचं) बटण, बॅलन्स, सगळ्यांना तेच. एक चॅनेल मेला म्हणून आणलेले कितीतरी सेट नुसते टेप मॉनिटरचं बटण पन्नास वेळा दाबल्यावर बोलायला लागतात, सिग्नल त्याच गंजक्या पट्टीतून जात असतो ना. निळ्या-पिवळ्या डब्यातला तो गंज काढायचा सर्वांना माहीत असलेला स्प्रे (डब्ल्यूडी-४०) यात मारू नका, तो तेलकट थर सोडतो आणि धूळ परत बसते. आणि बऱ्याच देशी सेटमध्ये ऑन-ऑफ स्विच व्हॉल्यूमच्या पॉटच्याच मागे असतो, म्हणजे त्या पॉटच्या पाठीवर थेट २३० व्होल्ट येतात. म्हणून स्प्रे प्लग काढूनच, आणि नंतर किमान तासभर सुकू द्या.

वीज न देता मोजमाप

प्लगच्या दोन पिनांत ओहम मोजा, सेटचा स्विच ऑन करून. काही ओहम ते काही दहा ओहम असं काहीतरी दिसलं पाहिजे. काहीच नाही दिसलं तर फ्यूज, स्विच, वायर किंवा ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची गुंडाळी), याच क्रमाने तपासा. मग फेज आणि न्यूट्रलची प्रत्येक पिन आणि चासी, इथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर तो सेट जाणकाराकडे. आणि जुनी दोन पिनची कडक झालेली वायर असेल तर ती बदलाच, त्यावर चर्चा नको.

आता आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकर चालवणारे. आपल्याकडच्या त्या काळातल्या सेटमध्ये हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर) जे चपटे धातूचे टोपीवाले ट्रान्झिस्टर दिसतात ते बरेचदा २एन३०५५ असतात. टोपी म्हणजे कलेक्टर, खालून दोन पिना म्हणजे बेस आणि एमिटर. मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब बेसवर आणि काळा एमिटरवर, मग काळा कलेक्टरवर, दोन्हीकडे साधारण ०.४५ ते ०.६५ च्या मध्ये आकडा यायला हवा. कलेक्टर-एमिटर बीप वाजला तर तो शॉर्ट, बदलायचा. बोर्डवर जोडलेला असताना शेजारच्या पार्टमुळे आकडे थोडे फसवे येतात, पण तुमच्याकडे दुसरा चॅनेल आहे ना, दोन्हीकडे सारखंच फसवं येत असेल तर काळजी नाही. फारच जुना जर्मेनियमवाला सेट असेल, एसी१२८, एडी१६१ वगैरे, तर तिथे आकडा ०.२ च्या आसपास येतो, तो बिघाड नाही.

ब्रिज किंवा चार डायोड (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) पण असेच तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा वीज

स्पीकर काढलेले, व्हॉल्यूम शून्य, सेट सिरीज बोर्डवर, बल्ब ६० वॉटचा. स्विच ऑन करा आणि सेटकडे न बघता बल्बकडे बघा. क्षणभर उजळून मग मंद झाला किंवा विझल्यासारखा झाला तर छान, कंडेन्सर भरले आणि सेट शांत बसला. उजळला आणि तसाच राहिला तर लगेच बंद, आत शॉर्ट आहे, परत मागच्या पायरीवर जा. अधेमधे कुठेतरी अडकला, हळूहळू वाढत चालला, तर बहुतेक बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) बिघडलाय किंवा एखादा ट्रान्झिस्टर गळतोय.

मंद झाला तरी लगेच बोर्डावरून काढून सरळ मेन्सला लावू नका. दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा, वास येतोय का, काही तापतंय का बघा. मग मीटरचा काळा प्रोब चासीच्या ग्राउंडला क्लिपने लावून टाका आणि एक हात खिशात ठेवून दुसऱ्या हाताने मोजा. जुने लोक हे सांगायचे ते उगाच नाही, करंट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना छातीतून जातो.

पहिलं मोजायचं ते स्पीकरच्या टर्मिनलवरचं डीसी. इथे दोन प्रकारचे सेट असतात आणि हे कळलं पाहिजे. एका प्रकारात सप्लाय प्लस आणि मायनस दोन्ही असतात, स्पीकर सरळ जोडलेला, अशा सेटला टर्मिनलवर ५० मिलीव्होल्टच्या आत डीसी पाहिजे. शंभरच्या वर असेल तर शोध घ्यायचा, आणि पूर्ण २०-३० व्होल्ट आलेत तर बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे, तिथे स्पीकर लावला असता तर त्याची कॉईल काही सेकंदांत जळाली असती. दुसऱ्या प्रकारात एकच सप्लाय असतो, समजा ५० व्होल्ट, आणि प्रत्येक चॅनेलला एक मोठा कंडेन्सर (१००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा) स्पीकरच्या आधी असतो. जुने देशी २एन३०५५ वाले सेट बरेच असे. इथे त्या कंडेन्सरच्या आतल्या बाजूला सप्लायच्या निम्मे व्होल्ट पाहिजेत, ५० असेल तर २५ च्या आसपास. एका चॅनेलला २५ आणि दुसऱ्याला ४४ दिसले की कुठे बघायचं ते तुम्हाला कळलं. (सिरीज बल्बमुळे सगळेच व्होल्ट थोडे कमी दिसतात, घाबरू नका, प्रमाण बघा.)

आवाज

सगळं ठीक वाटलं की एखादा फालतू स्पीकर जोडा, जो गेला तरी रडू येणार नाही असा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६-७ ओहम दाखवतो. चांगला आहे का बघायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा, टक आवाज येऊन पडदा हलला पाहिजे.

मोबाईल जोडायचा तो ऑक्स किंवा ट्यूनर इनपुटला. फोनो लिहिलेल्या इनपुटला नाही, ते रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या डोक्यासाठी) असतं, मॅग्नेटिक कार्ट्रिजचे काही मिलीव्होल्ट वाढवून घेण्यासाठी, तिथे फोनचा सिग्नल गेला की नुसती फाटलेली किंकाळी येते आणि लोकांना वाटतं ॲम्प्लिफायर खराब. मागे गोल पाच पिनचं सॉकेट असेल तर ते डिन, त्याची केबल मिळते, स्वतः बनवायची तर मधली पिन २ ग्राउंड, आणि टेपसाठीच्या सॉकेटमध्ये ३ आणि ५ वर लेफ्ट-राइट प्लेबॅक.

आता लक्षणं. दोन्ही चॅनेलला घुंऽऽ असा जाडसर भुणभुणाट, व्हॉल्यूम शून्य केला तरी तेवढाच, म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकले (आपल्या ५० हर्ट्झच्या मेन्सचा रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झ होतो, तोच ऐकू येतो). व्हॉल्यूमबरोबर वाढणारा आणि थोडा खालच्या सुरातला हम असेल तर इनपुटची शील्ड किंवा ग्राउंड तुटलंय. एक चॅनेल बंद असेल तर आधी स्पीकर अदलाबदल, मग इनपुटच्या पिना अदलाबदल, दोन मिनिटांत कळतं की दोष सेटच्या आत आहे का बाहेर. आत असेल तर व्हॉल्यूम थोडा वर करून स्क्रू ड्रायव्हरच्या धातूला बोट लावून पॉटच्या मधल्या पायाला टेकवा, चालू चॅनेलला भर्र आवाज येतो, मेलेल्याला पण आला तर पुढचा पॉवर भाग ठीक आणि दोष प्रीॲम्पमध्ये (पॉटच्या आधीच्या, बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागात). ही जुनी मेकॅनिक पद्धत आहे आणि फुकट आहे, पण वर सांगितलं तसं पॉटच्या मागे मेन्सचा स्विच असेल तर तिथे ही करू नका.

हळू आवाजात फाटका आणि मोठ्या आवाजात बरा वाटत असेल तर बायस कमी आहे. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर कडकड किंवा मधेच आवाज जाणे, हे ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड. बोर्डची खालची बाजू उजेडात भिंगाने बघा, मोठ्या पार्टच्या पायाभोवती बारीक गोल चीर दिसते, तिथे जुना सोल्डर ओढून काढून नवा मारा. नुसता वरून थोडा सोल्डर टाकला तर चार महिन्यांनी तीच चीर परत येते. पेन्सिलच्या मागच्या टोकाने बोर्डवर हळूच टकटक केली तरी कुठे हललं की आवाज येतो ते सापडतं.

कंडेन्सर बदलणे

यूट्यूबवर बघून लोक पहिल्याच दिवशी सेटमधले सगळे पन्नास-साठ कंडेन्सर बदलायला घेतात. मला हे पटत नाही. पन्नास बदलले तर त्यात दोन उलटे बसतात, एक ट्रॅक उखडतो, आणि आधी एक बिघाड होता तिथे आता चार झाले आणि ते सगळे तुमचे. शिवाय पॉलिएस्टर आणि बहुतेक सिरॅमिक कंडेन्सर तसेही इतक्यात खराब होत नाहीत. सुकतात ते इलेक्ट्रोलिटिक (आत ओलं रसायन असलेले), त्यातही जे हीटसिंकच्या किंवा गरम रेझिस्टन्सच्या शेजारी बसलेत ते आधी.

तेव्हा फिल्टर कंडेन्सर आणि सिंगल सप्लाय असेल तर आउटपुटचे दोन, हे संशय असला तर बदला, बाकी लक्षण दिसेल तसं. एक काढायचा, एक लावायचा, मग पुढचा. मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्टेज तेवढं किंवा वरचं, ३५ च्या जागी ५० चालतो, ५० च्या जागी ३५ कधीच नाही. १०५ डिग्रीवाला घ्या. दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घालून बेस वाढेल अशी आशा ठेवू नका, ऑन करताना रेक्टिफायरवर ताण वाढतो, एवढंच होतं. नवा कंडेन्सर बाजारातून आणला की लावण्याआधी मोजा, कारण नामांकित कंपनीचं नाव छापलेले बनावट सर्रास मिळतात.

ट्रान्झिस्टर बदलणे

२एन३०५५ ची पण हीच कथा. खरा ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॉटचा असतो, बनावटाच्या टोपीत एवढीशी चिप घातलेली असते आणि तो हलका लागतो, पहिल्या जोराच्या ढोलकीला जातो. चांगल्या दुकानातून घ्या, दोन पैसे जास्त द्या, आणि एक शॉर्ट असला तरी त्या चॅनेलची जोडी बदला. गेलेल्या आउटपुटमागे त्याचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) आणि ०.३३ किंवा ०.४७ ओहमचा एमिटर रेझिस्टन्स पण गेलेला असतो बऱ्याचदा, ते न तपासता नवे ट्रान्झिस्टर लावले की ते पण लगेच जातात आणि मग दुकानदाराला शिव्या.

ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मधे अभ्रकाची पातळ चकती असते, ती चिरलेली असेल तर नवी, आणि दोन्ही बाजूंना हीटसिंक कंपाउंडचा पातळ थर. पातळ म्हणजे पातळ, श्रीखंड लावल्यासारखा नको. स्क्रू कसल्यावर टोपी आणि हीटसिंकमध्ये मीटर लावा, बीप वाजता कामा नये. वाजला तर चकती किंवा स्क्रूचा प्लास्टिक बुश चुकलाय. हे वीज देण्याआधी.

मग बायस. बोर्डवर प्रत्येक चॅनेलला एक छोटा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा पॉट) असतो, चाळीस वर्षांत त्याचा ब्रश गंजलेला असतो आणि काही डिझाइनमध्ये प्रीसेटचा कॉन्टॅक्ट सुटला की बायस कमी न होता पूर्ण वाढतो आणि नवे ट्रान्झिस्टर धूर सोडतात, म्हणून तो स्वस्तातला पार्ट नवीनच टाकून द्या. सिरीज बल्बवर सेट चालू करा, इनपुट नाही, स्पीकर नाही, एमिटर रेझिस्टन्सच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. ०.४७ ओहमवर १० मिलीव्होल्ट म्हणजे साधारण २१ मिलीअँपिअर. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा, नाही तर चांगल्या चॅनेलवर जेवढं आहे तेवढंच इकडे, आणि त्याहून किंचित कमी ठेवलं तरी कान ओळखत नाहीत. बल्ब काढून सरळ मेन्सवर लावल्यावर, अर्धा तास गरम झाल्यावर परत एकदा बघा, आकडा सरकतो.

स्पीकर आणि पेटी

त्या काळातल्या स्पीकरच्या कडेला फोमची रिंग असेल तर बोट लावताच भुगा होतो, आपल्या दमट हवेत तर नक्कीच. पडदा आणि कॉईल चांगली असेल तर फक्त रिंग बदलता येते, सेट मिळतात, चिकटवताना कॉईल घासत नाही ना हे हाताने हलवून बघत राहायचं. रबरी किंवा कापडी कडा बहुतेक वेळा टिकलेल्या असतात. टेप डेक जोडीला आला असेल तर त्यातला पट्टा वितळून डांबर झालेला असण्याचीच शक्यता जास्त, हातमोजे घाला, आयसोप्रोपिल आणि कानातल्या कापसाच्या काड्या, त्याला एक अख्खी दुपार लागते.

लाकडी पेटीला वाळवी लागलीय का खालून टोकरून बघा. व्हीनियर सुटलं असेल तर फेव्हिकॉल आणि वजन, एक रात्र. चमकदार मेलामाइन मारून सेटला हॉटेलच्या काउंटरसारखं करू नका, जुन्या पॉलिशवर बारीक हाताने मेण किंवा लाखेचं पॉलिश पुरतं.

शेवटची चाचणी म्हणजे झाकण लावून, सरळ मेन्सवर, योग्य अँपिअरचा फ्यूज घालून, मध्यम आवाजात दोन-तीन तास. दर अर्ध्या तासाला हीटसिंकवर हात ठेवा, कोमट ते गरम ठीक, हात ठेववत नसेल तर बायस परत बघा. दोन्ही बाजू सारख्याच गरम आहेत का हेही बघा. मग कपाटात कोंबू नका, वरून चार बोटं मोकळी जागा ठेवा, वर विणलेला रुमाल आणि फुलदाणी ठेवायची घरच्यांची फार इच्छा असते, तिला जाळीवरून तरी हटवा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर लावत जा, आतली ओल सुकते आणि पॉट-स्विच पण फिरते राहतात.